वाकडं झाड आजारी नसते

मा. संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही गोल गोल पिळलेल्या फांद्यांच्या झाडाचा फोटो छापला अन् खाली एवढंच, 'निसर्गाचा चमत्कार'. इकडे आमच्या पानठेल्यावर दोन दिवस तेच चालू. कोणी म्हणे पाणी कमी पडलं, कोणी म्हणे मुळाला कीड, एकानं तं असं झाड अंगणात लावूच नका म्हणून सांगून टाकलं.

फोटोतलं झाड हेझलनटचं हाय, थंड मुलखातलं एक सुक्या मेव्याचं झाड. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये 19 व्या शतकात एका कुंपणात असं एक झुडूप सापडलं, जनुकात आपोआप बदल झालेलं. साधी फांदी सरळ जाते कारण तिच्या सगळ्या बाजू सारख्या वाढतात, याच्यात कधी ही बाजू जास्त वाढते कधी ती, म्हणून फांदी फिरत फिरत जाते, पानं पण चुरगळलेली. बाकी झाड ठणठणीत. स्कॉटलंडचा विनोदी गायक हॅरी लॉडर अशीच वाकडीतिकडी काठी घेऊन स्टेजवर यायचा म्हणून तिकडे या झाडाला 'हॅरी लॉडरची काठी'च म्हणतात.

बी लावलं तं पीळ येईलच असा भरवसा नाही, म्हणून साध्या हेझलच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट खालच्या बुंध्यावर, पिळाच्या फांदीची कलम करतात. अन् इथं मले आमचा संत्रा आठवला. आपण नाही का जंभेरीच्या, म्हणजे एका रानटी आंबट लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा (फुटव्याची कळी) बांधत, तसंच. माझ्या बागेत एका कलमेचा डोळा मेला, खालून जंभेरी फुटली, शेजारी म्हणे काय जोमात आलं बे झाड, मीबी खुश, लक्षच दिलं नाही. मग हे मोठे काटे, अन् फळ असं आंबट का तोंडात धरवेना. चार वर्षं फुकट खत घातलं.

त्या वाकड्या झाडाचंही तेच. खुंटातून सरळसोट फुटवे निघतात, ते वेळेवर काढले नाही तं पिळाची कलम दबून जाते अन् लोकं म्हणतात झाड सुधरलं. नर्सरीत वेणी घातलेलं फायकस (वडाच्या कुळातलं शोभेचं झाड) मिळते ते वेगळं बरं, ते रोपं कोवळी असताना माणसानं गुंफलेलं असते.

पुढच्या वेळी फोटोखाली 'चमत्कार' लिहिण्यापेक्षा दोन ओळी जास्त छापा साहेब, ठेल्यावर मले एकट्याले किती जणांशी भांडा लागते.

आपला,
एक संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती