आतल्या बाजूचा पॅड

प्रिय बाळ्या,

तुझे फोन घेतले नाहीत, मेसेजला उत्तर दिलं नाही, आणि आता एकदम पत्र. म्हणशील, याचं काहीतरी अडलंय. अडलंच आहे. तब्येत बरी, शुगर ताब्यात, गुडघा आहे तसाच. आता मुद्दा.

मोठ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. घरच्यांना सांगितलं तर "बरं" म्हणतात आणि आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालतात, म्हणून तुझ्या माथी.

डाव्या पुढच्या चाकातून बारीक चीं-चीं येत होती, ब्रेक न दाबताही. गॅरेजमधल्या पोरानं चाकाच्या फटीतून टॉर्च मारला नि म्हणाला, "काका, अर्ध्याहून जास्त आहेत, बिनधास्त चालवा." बाहेरचा पॅड होताच अर्धा. पण मग पॅड झिजल्याचा इशारा देणारी ती पत्र्याची पट्टी डिस्कला, चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, घासून कोकलते ती काय हौस म्हणून? चाक काढलं. आतला पॅड पाहून तू जागच्या जागी शिव्या घातल्या असत्यास. एका टोकाला जेमतेम २ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला त्याहून कमी. नवा १०-१२ चा असतो, तीनवर आला की काढायचा.

कारण तू ओळखलंच असशील. खालची स्लाइड पिन जाम. पिस्टन फक्त आतल्या अंगाला, तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर, दोन्ही पॅड धरणारा तो चिमटा, पिनांवरून सरकून बाहेरच्याला ओढून घेतो. पिनच हलत नाही म्हटल्यावर आतला एकटा राबतोय आणि पाय काढला तरी डिस्कला घासतोच आहे. बाहेरचा हजेरी लावून मोकळा. (तू आणि तो टकल्या, हेड ऑफिसात. आठव.) पिनेचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी शिरून गंज. पिनेला खड्डे पडले होते, म्हणून घासत बसलो नाही, नवीच टाकली. रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावून ती बोटानं आत सरकवली, तर आतली हवा दाबत गेली आणि सोडल्यावर हळूच पाव इंच मागे आली. बाळ्या, तेवढ्यासाठी तू इथे हवा होतास.

आणि हो, कॅलिपर मी तारेनं स्प्रिंगला टांगला. होज पाइपवर लोंबकळत सोडला नाही. अण्णांच्या जीपच्या वेळी "जरा लोंबला तर काय मरतो का" असं कोण म्हणालं होतं आणि त्यावरून कोण कोणाशी किती दिवस बोलत नव्हतं, ते मी काढत नाही. काढलंच आहे म्हणा.

उजवीकडचे पॅड बरे होते, तरी तेही बदलले. हिनं विचारलं, "चांगले आहेत ते कशाला टाकताय?" एका बाजूला नवे नि दुसरीकडे जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढेल, असं सांगितलं. त्यावर म्हणाली, "मग तुमचं नि बाळ्याभावजींचं बरं आहे, दोघंही एकदमच झिजलात."

आता खरं दुखणं. गाडी यापुढे चिरंजीव चालवणार. लायसन्स आलंय, आणि पुढच्या आठवड्यात आई, मावशी, ही, धाकटी, सगळ्यांना घेऊन लग्नाला निघायचं म्हणतोय. मी मागून येणार. सात माणसं आणि सामान भरलं की गाडी अडीच टनांच्या घरात जाते. ब्रेक मारला की सगळा भार पुढे झुकतो, थांबवण्याचं दोनतृतीयांश काम पुढच्याच चाकांवर. आणि हा ८० ला असतो तेव्हा ४० च्या चौपट ऊर्जा त्या चार पॅडना जिरवायची असते. हे त्याला सांगितलं. "माहितीये बाबा, फिजिक्स होतं मला." माहितीये, आणि सिग्नल दिसतोय तरी शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय!

मी स्वतः चालवणार असतो तर हे पत्र आलंच नसतं. पेडल जरा खाली गेलं, स्टिअरिंग जरा थरथरलं, की माझ्या पायाला कळतं. त्याच्या पायाला कळेल? पिस्टन क्लॅम्पनं मागे दाबल्यावर पेडल पहिल्यांदा थेट तळाला जातं, हे तुला-मला पाठ आहे, तरी पोटात गोळा येतोच. म्हणून ते मुद्दाम त्यालाच दाबायला लावलं. पोरगं पांढरंफटक पडलं. मग घट्ट होईपर्यंत पंप करायला लावलं, आणि त्याआधी गाडी जागची हलवायची नाही हे बजावलं. बेडिंगलाही, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घ्यायलाही, त्यालाच बसवलं. मोकळा रस्ता, साठवरून दहापर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये हवा लागू द्यायची, पुन्हा. जळका वास आला तशी त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, येऊ दे, नव्या पॅडना येतोच. नंतर दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला, ऊब सारखी. तरी रात्री झोप नाही. उठून ब्रेक ऑइलच्या रिझर्व्हायरची पातळी बघून आलो, टॉर्च घेऊन. हिला वाटलं चोर.

छकुलीच्या निकालाचं कळलं, वा! वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? बदलीचं काय ठरलं ते कळव.

तर प्रश्न असा. डाव्या डिस्कच्या कडेला झिजून उंचवटा राहिलाय, नखाला लागतो. व्हर्नियरनं पाच-सहा जागी जाडी मोजली, वर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त भरली. बाकी पृष्ठभाग गुळगुळीत, तापल्याचे निळे डाग नाहीत, पेडलला थरथर नाही. माझ्या हिशेबानं चालेल. तुझं "नवे पॅड म्हणजे नव्या डिस्क" हे पुराण मला तोंडपाठ आहे आणि आजवर मी ते धुडकावलंय. पण या खेपेला तू बदल म्हणालास तर दोन्ही बदलतो, वाद न घालता. ते निघायच्या आत फोन कर. रात्री कितीही वाजता.

तुझा,
दिग्या