चार सुताचं बिट, आठ सुताची रिंग

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही लेथ चालू करता, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. दोनदा अनुभव घेतला. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घातलेलं नाही, दुकानाचंही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर लोखंड कातायचं काम करणारे अण्णा कितीतरी असतील. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि तुमच्या सूनबाई तुम्हाला हे वाचून दाखवतीलच.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती हातात प्लायवूडचे दोन दांडे आणि वहीतलं एक चित्र घेऊन. त्याआधी तीन दुकानांत जाऊन आले होते. एकाने विचारलं, "साहेब कुठायत?" दुसऱ्याने काम न बघताच "चार दिवसांनी या" म्हणून सांगितलं. तिसऱ्याने चित्र उलटं धरलं. तुम्ही एप्रनला हात पुसले, वही सुलटी धरली आणि म्हणालात, "हे पेंटोग्राफ हाय की. नंबर कोरायच्या मशीनला असतोय तसा. पण ह्याला राऊटर कशाला बांधताय?"

तो प्रश्न मला फार आवडला. शाळेत मी पॅन्टोग्राफ, म्हणजे चित्र लहान-मोठं करून उतरवणारी दांड्यांची चौकट, शिकवते ती समांतरभुज चौकोनाच्या धड्यात. शायनर नावाच्या जर्मन पाद्र्याने तो 1603 साली बनवला, एवढं सांगून पुढच्या उदाहरणाकडे वळते. मुलांनीही कधी विचारलं नाही की ह्याला पेन्सिलीऐवजी दुसरं काही बांधलं तर?

बांधलं तर काय होतं, ते इथल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. राऊटर म्हणजे गरगर फिरणाऱ्या बिटाने, म्हणजे पात्याने, लाकूड कोरणारं विजेचं हत्यार. तो आडवा झोपवायचा आणि दांड्यांच्या चौकटीत धरायचा. चौकटीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटं चाक बसवायचं. साच्याच्या कडेने हे चाक फिरवलं की राऊटरचं बिट समोर आवळलेल्या लाकडाच्या टोकावर तोच आकार कोरतं, पण निम्म्या मापाचा. साचा कापताना हात एक मिलिमीटर हलला तर लाकडात चूक अर्ध्याच मिलिमीटरची उतरते. सुतारकामात चूक निम्मी करणारं दुसरं हत्यार मला माहीत नाही. बाकी सगळी वाढवतात. आणि साच्याच्या ठोकळ्याच्या बाहेरून फिरलं तर कुसू मिळतं, तेवढ्याच मापाच्या खाचेच्या आतून फिरलं तर त्या कुसवाचं भोक. कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाला ठेवलेली जीभ, जी पायातल्या भोकात जाऊन बसते. आपल्या जुन्या दारांच्या चौकटी याच सांध्यावर उभ्या आहेत. कॅनडातल्या मथायस वांडेल यांनी असं यंत्र जवळपास सगळं लाकडातच केलेलं मी पाहिलं, आणि तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

खुळाला कारणही होतं. पन्हाळ्याकडचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा सागवानाचे वासे निघाले. भावाने ते विकायला काढले होते. मी म्हटलं, मला द्या, मी सगळ्यांना एकेक स्टूल करून देते. सहा स्टुलं. एका स्टुलाला वर चार पट्ट्या, खाली चार, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे सोळा सांधे. सहा स्टुलांचे शहाण्णव. पटाशीने मी त्यातले पाच केले. पाचवा झाला तेव्हा अंगठ्याला पट्टी होती आणि पहिला सांधा हलायला लागला होता.

पहिल्या भेटीत तुम्ही पिना तर करून दिल्यातच, शिवाय माझ्या दांड्यांची भोकं बघून मान हलवलीत. मी दोन्ही दांड्यांवर वेगवेगळी मापं घेऊन वेगवेगळी भोकं पाडली होती. तुम्ही दोन नवे दांडे एकावर एक ठेवून आवळलेत आणि एकाच दमात दोन्हींतून ड्रिल घातलंत. "आता चुकली तरी दोन्हीकडं सारखीच चुकतील," म्हणालात. समांतरभुज चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समान असतात हे मी अठरा वर्षं फळ्यावर लिहिते आहे. त्या समान कशा करायच्या हे तुमच्या ड्रिलखाली कळलं.

खरी कहाणी दुसऱ्या भेटीची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत यंत्र पूर्ण झालं. पहिल्या स्टुलाचे सगळे तुकडे मी दोन दिवसांत कापले. आवाज भयंकर, शेजारच्या काकूंनी दोनदा बेल वाजवली. पण समोर सोळा कुसवं एकसारखी पडलेली बघून मला शाळेत असल्यासारखं वाटलं: एका रांगेत, एका उंचीची, गणवेशात. मग जोडायला घेतलं. एकही सांधा मोगरीने ठोकावा लागला नाही. मी खूश. स्टूल उभं केलं आणि ते नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं चारी पाय फाकून हळूच बाजूला बसलं.

पुढचे दहा दिवस मी पिनांच्या मागे लागले. माझी खात्री होती की दांडे खेळताहेत, म्हणजे तुमच्याच भाषेत 'प्ले' आहे. वॉशर घातले, बोल्ट आवळले, एक पीन तर फेव्हिकॉलने चिकटवायचा विचारही केला होता (हे तुम्हाला सांगितलं नव्हतं). शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर आणून कुसू मोजलं तर 11.3 मिलिमीटर, आणि भोक 12.7. दोन्ही 12 यायला हवी होती. एक लहान, एक मोठं! मी हात टेकले आणि यंत्र रिक्षात घालून तुमच्याकडे आले.

तुम्ही यंत्राकडे बघितलंसुद्धा नाहीत. पायाचा तुकडा एका हातात, पट्टी दुसऱ्या हातात, कुसू भोकात घालून डोळे मिटून हलवत राहिलात. वर-खाली, आडवं, पिळून. मग दुसरा सांधा. मग तिसरा. आणि म्हणालात, "बाई, हे सगळीकडं सारखंच सैल हाय. पिनीत प्ले असता तर एकीकडं घट्ट, एकीकडं ढिलं लागलं असतं. बिट मोजलंसा का?"

नव्हतं मोजलं. सगळं मोजलं होतं. साचा मोजला, चाक मोजलं, दांडे तर स्वप्नात मोजत होते. पण बिट घेताना दुकानदाराने "बाराचं आहे" म्हटलं आणि मी वहीत 12 लिहून मोकळी झाले. कुठलं दुकान ते सोडून देऊ. त्यांच्या लेखी बारा आणि अर्धा इंच एकच.

तुम्ही मायक्रोमीटर लावलात. अर्धा इंच. 12.7.

तुमच्या टेबलावरच्या एका चलनाच्या, म्हणजे माल पोहोचवल्याच्या पावतीच्या, पाठीवर मी तिथेच उभ्याउभ्या हिशेब मांडला, आणि तो मी जपून ठेवला आहे. चाक साच्याच्या बाहेरून फिरतं, म्हणून त्याची वाट साच्यापेक्षा चाकाच्या व्यासाएवढी रुंद. बिटाची वाट तिच्या निम्मी. त्यातून बिटाची जाडी गेली की उरतं ते कुसू. माझा साचा 24, चाक 24, दोघांची बेरीज 48, निम्मे 24, वजा 12.7. उत्तर 11.3. भोकाच्या वेळी उलट: 24 च्या खाचेत 24 चं चाक, ते रुंदीत हलतच नाही, म्हणजे भोक बिटाएवढंच, 12.7. व्हर्नियर दहा दिवस खरं सांगत होता. बिटात सात दशांशाची चूक, पण कुसू तेवढ्याने बारीक आणि भोक तेवढ्याने मोठं, म्हणून सांध्यात फट चौदा दशांशाची. जी चूक यंत्राने निम्मी करायला हवी होती ती मी दुप्पट करून दाखवली होती.

मी म्हटलं, चाक बिटाच्या बरोबर दुप्पट असेल तर बिट आणि चाक एकमेकांना खाऊन टाकतात, आणि कुसू साच्याच्या नेमकं निम्मं येतं. मग 25.4 चं बेअरिंग कुठे मिळेल? तुम्ही हसलात. "मिलिमीटर कशाला करताय? चार सुताचं बिट, आठ सुताची रिंग. संपलं."

अण्णा, सूत हे माप माझ्या आजोबांच्या तोंडी होतं. एक इंचाचे आठ सूत. मी ते जुनाट म्हणून कधी शिकवलं नाही, अभ्यासक्रमात नाहीच म्हणा. त्या दिवशी माझं अर्धं चलन भरलेलं समीकरण तुम्ही सहा शब्दांत मांडलंत, आणि माझ्या आधी.

मग तुम्ही 608 नंबरचं बेअरिंग काढलंत, पोरांच्या स्केटिंगच्या चाकात असतं तेच, बाहेरून 22 चं. त्यावर पितळेची रिंग कातून बसवलीत, बाहेरून बरोबर एक इंच. मी घेतलेलं 6901, आत 12 आणि बाहेर 24 वालं, जे शोधायला मी अर्धं कोल्हापूर पालथं घातलं होतं, ते बाजूला ठेवून म्हणालात, "हे चांगलं हाय, कुठंतरी लागंल." घरी त्याचा पेपरवेट झाला आहे.

मी निघाले होते. तुम्ही थांबवलंत. "लाकूड हाय बाई, लोखंड न्हाई. पावसाळ्यात फुगंल, उन्हाळ्यात आकसंल. एका मापानं कसं चालंल?" आणि दुसरी रिंग कातायला घेतलीत, दोन बेअरिंगं शेजारी बसतील एवढी लांब आणि किंचित निमुळती. वीस मिलिमीटर लांबी, एका टोकाला 25, दुसऱ्याला 26. हे चाक पुढे-मागे सरकवलं की साच्याला टेकणारी जाडी बदलते. चार मिलिमीटर सरकवलं तर कुसू एक दशांश मिलिमीटरने फुगतं किंवा बारीक होतं. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचे साचेच निमुळते असतात, हे मी वाचलं होतं, पण ॲक्रिलिकच्या साच्याची कड घरी निमुळती कशी करणार म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही साच्याऐवजी चाकच निमुळतं केलंत. साचाही मी आठ सुताचा करून घेतला. आता मी भोकं सरळ रिंगेने कोरते, ती एकदा ठरली की बदलत नाहीत, आणि कुसू निमुळत्या रिंगेने जुळवून घेते. पहिलं कुसू जरा जाडच ठेवते, घालून बघते, चाक केसभर सरकवते, पुन्हा फिरवते. तळहाताने दाबलं की निम्मं जावं आणि उरलेलं मोगरीच्या दोन ठोक्यांत. दोनाचे तीन झाले तर चालतात. शून्य झाला तर परत कापते.

या सगळ्याचे तुम्ही दीडशे रुपये घेतलेत. मी जास्त द्यायला लागले तर लेथ चालू केलात.

सहा स्टुलं झाली. भाऊ, वहिनी, दोन्ही बहिणी, आई यांच्याकडे पाच पोहोचली. सहावं मी माझ्यासाठी ठेवलं होतं. आईने तिच्या स्टुलावर बसायच्या आधी ते हलवून बघितलं, मग पट्टी आणि पायाच्या सांध्यावर नख फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "माडीवरची तुळई ना ही?" तीच होती. खिळ्याचं काळं भोक तिने ओळखलं.

मुलांना आता पॅन्टोग्राफचा धडा शिकवताना मी निमुळती रिंग वर्गात नेते. फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी विचारते, यात काय मोजायचं राहिलं असेल? गेल्या वेळी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, खडू." आकृतीतली रेघ खडूच्या जाडीएवढी रुंद असते, हे मला कधी सुचलं नव्हतं.

तुमच्या दुकानात तुम्ही ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसता, हे मी दोन्ही वेळा बघितलं. तेव्हा सहावं स्टूल शनिवारी तुमच्याकडे आणते आहे. उंची अठरा इंच धरली आहे, लेथसमोर कमी-जास्त वाटली तर पाय कापून देईन. त्याचे सोळाही सांधे मुद्दाम चिकटवलेले नाहीत. तुम्ही ते उघडणार, डोळे मिटून हलवून बघणार, हे मला माहीत आहे. सगळं बघून झालं की सांगा, फेव्हिकॉलचा डबा मी पिशवीत घेऊनच येते.

तुमची,
गणिताच्या बाई