साध्या आमिषाचं भांडण

कोनाटा खोरं, साउथ डकोटा
२८ सप्टेंबर

प्रिय बंड्या,

गणपतीतही फोन केला नाही, रागावला असशील. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आज मात्र लिहायलाच हवं होतं. राहुरीला उंदरांच्या विषाआधी टाकायच्या साध्या, बिनविषारी आमिषावरून आपण भांडलो होतो ना, तेच भांडण इथे पुन्हा उभं राहिलंय.

कुरणाच्या मालकाला प्रेअरी डॉगची (कुत्री नव्हेत, बिळात राहणारी खारीच्या कुळातली जनावरं) वसाहत आवरायची आहे. औषध आपलंच, झिंक फॉस्फाईड, २ टक्के. भरड्याऐवजी वाफवून चपटे केलेले ओट. आधी बिनविषारी ओट टाकले, बिळाला ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर. बिळात नाही, तोंडाबाहेरच्या उघड्या मातीवर विखरून. दुसऱ्या दिवशी पूर्वेकडचे फस्त, पश्चिमेकडचे तसेच पडून. मालक म्हणतो, उद्या सरसकट विष टाका. अरे, साधा दाणा न खाणारा विषारी कसा खाईल? आणि थोडंसं खाऊन वाचलेलं जनावर पुन्हा त्या दाण्याला तोंड लावत नाही. तू म्हणायचास, एक खेप वाचवा, मजुरी वाचेल. अजून म्हणतोस का रे, कंजूष?

पण काळजी वेगळीच आहे. पावसाने गवत पुन्हा हिरवं झालं की ते दाणा सोडतात, हे खरं. मग पूर्वेकडच्यांनी कसा खाल्ला? ओट टाकले ते जुन्या नकाशावरून, आणि त्यात दिसेल ते बीळ मोजलेलं. रिकामी बिळं तर वर्षानुवर्षं उघडी राहतात. म्हणून पुन्हा ३ मीटर रुंदीचे पट्टे चाललो. तोंडापासून अर्ध्या मीटरात ताजी लेंडी असेल तेवढंच बीळ चालू धरलं. शिवाय तीन सकाळी दुर्बिणीतून मोजणी, त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. पश्चिमेला लेंड्या वाळलेल्या, बिळांच्या तोंडाशी कोळिष्टकं, आणि भुंकणं अजिबात नाही.

मला प्लेगची भीती वाटते. १८९६ ला मुंबईत पसरली त्याच साथीने १९०० ला सॅन फ्रान्सिस्को गाठलं, आणि या खोऱ्यात प्लेग २००८ ला शिरला. वसाहतीतली नव्वद टक्क्यांहून जास्त जनावरं जातात. कुंपणापलीकडे काळ्या पायांचे फेरेट आहेत, मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी. त्यांचं पोट प्रेअरी डॉगवरच, आणि प्लेग त्यांनाही होतो. १९८० च्या दशकात ते अवघे १८ उरले होते, बंड्या.

तर आता लांब तारेला पांढरं फ्लॅनेल गुंडाळून बिळात सरकवायचं. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा चिकटल्या की पिशवीत बंद करून गोठवायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. विजार मोज्यात खोचलेली, मेलेल्या जनावराला उघडा हात नाही. प्लेग निघाला तर पलीकडच्या बिळांत पिसवा मारणारी डेल्टामेथ्रिनची भुकटी मारावी लागेल. निकाल येईपर्यंत पश्चिमेला विषाचा दाणा पडू देणार नाही. पूर्वेला टाकू, पण साधे ओट खाल्लेल्या बिळांवरच, आणि कोरड्या हवेत. ओल लागली की विषाचा जोर जातो. मालकाने वायूच्या गोळ्याही सुचवल्या. त्या बिळात असेल ते सगळंच मारतात, पिंगळेसुद्धा. नाही म्हणालो.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? चिनूचा प्रवेश कुठे झाला, कळव.

आणि तुझी ती उंदरांची निळी वही शोध. साधं आमिष निदान किती बिळांवर खाल्लेलं दिसलं की आपण विष टाकायचो, ते पान फोटो काढून पाठव. मालकाला दाखवायचंय.

तुझाच,
अण्णा