लस घेतली होती का, एवढे तरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जुलैत माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना ताप, खोकला आणि धाप लागली म्हणून मिरजेत दाखल केले. केसपेपरवर बीपी, शुगर, चालू गोळ्या, सगळे लिहून घेतले. मे महिन्यात त्यांनी फ्लूची लस घेतली होती. तिचे कार्ड मी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून नेले होते. पाच दिवसांत ते कुणी मागितले नाही. घशाचा स्वॅबही घेतला नाही. सासूबाई बऱ्या झाल्या, पण गल्लीत एकच बोलणे झाले, "लस घेऊन काय उपयोग झाला?"

काय उत्तर देणार? तो ताप फ्लूचा होता की दुसऱ्याच विषाणूचा, हेच कळले नाही.

उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे लसीचा गुण तरुणांपेक्षा कमी येतो. म्हणून चौपट मात्रेची लस निघाली. अमेरिका-कॅनडातील ६५ वर्षांवरील सुमारे ३२ हजार जणांवर ती तपासली. साध्या लसीपेक्षा तिने सुमारे २४ टक्के जास्त फ्लू टाळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तिकडचा फ्लू थंडीतला. आपल्याकडे तो मुख्यतः पावसाळ्यात उसळतो आणि विषाणूही दरवर्षी रूप पालटतो. आपल्या म्हाताऱ्यांचा हिशेब आपणच मांडायला हवा.

नुसती लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना मात्र फसवी ठरते. जो स्वतःच्या पायाने दवाखान्यात जाऊन लस घेतो, तो मुळातच धडधाकट असतो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कोण नेतो? २००६ मधील एका अमेरिकी अभ्यासात तर फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधीच लस घेतलेल्या वृद्धांत मृत्यू कमी दिसले. ते श्रेय लसीचे कसे म्हणायचे? त्यापेक्षा ताप-खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धाचा स्वॅब तपासावा, आणि फ्लू निघालेल्यांत व न निघालेल्यांत लस घेतलेले किती, ते ताडून पाहावे. दोन्हीकडची माणसे उपचाराला आलेलीच असल्याने हा फरक बराच कमी होतो.

मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. त्यांनी मिळून येत्या जूनपासून हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर खासगी डॉक्टरांनी निदान केसपेपरवर लसीची एक ओळ वाढवावी.

सासूबाईंनी यंदाची लस परवाच घेतली. कार्डावर तारीख घालून घेतली आहे आणि ते त्याच पिशवीत आहे.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली