मोड की वरण?

आपल्या आरोग्य पुरवणीतील कडधान्यांवरील लेखात, मोड आलेल्या मुगात डाळीपेक्षा कितीतरी अधिक प्रथिने असतात, असे म्हटले आहे. ते दिशाभूल करणारे आहे. 100 ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात, तर बाजारातील लांब मोडांच्या मुगात जवळपास 90 टक्के पाणीच असल्याने तेवढ्याच वजनात जेमतेम 3 ग्रॅम. शिजवलेल्या मसुरात मात्र ती 9 ग्रॅमच्या आसपास भरतात. घरी फडक्यात बांधून आणलेल्या आखूड मोडांत पाणी कमी, म्हणून हे प्रमाण बरे असते. मोडांचे खरे मोल वेगळे आहे : त्यांत क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषू न देणारे फायटिक आम्ल घटल्याने लोह अधिक अंगी लागते. पण असे लेख वाचून वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातली वरणाची वाटी कमी होईल, याची मला काळजी वाटते. शिवाय ठाण्याच्या दमट हवेत मोडांत जिवाणू झपाट्याने वाढतात. लहान मुले, गर्भवती आणि वृद्धांना ते नीट शिजवूनच द्यावेत. तुलना कोरड्या धान्याशी की शिजवलेल्याशी, हे स्पष्ट करणारी दुरुस्ती कृपया छापावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे