रेघा दिसल्या की पॅनेलच बदलायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप बऱ्या भावात मिळतात आणि त्यांवर ॲपलची मॅकओएस चढवून घ्यायची हौस कॉलेजच्या पोरांत भरपूर आहे. यालाच हॅकिंटॉश म्हणतात. ॲपलच्या परवान्यानुसार ही प्रणाली फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवता येते. त्यामुळे काही बिघडले तर ना ॲपल दाद देते, ना लॅपटॉपची कंपनी. मग स्क्रीनवर रेघा आल्या, मेनू अर्धाच उमटला, की सल्ला ठरलेला: पॅनेल गेले, बदलून टाका.

पैसे मोजण्याआधी लॅपटॉप सुरू होतानाच एफ२ (काहींत एफ१० किंवा डिलीट) दाबून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पानावर) शिरावे आणि पाच मिनिटे नुसते बघत बसावे. तिथे मॅकओएसचा संबंधच नसतो. रेघा तिथेही आहेत आणि झाकण पुढेमागे केले की कमीजास्त होतात, तर बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल दबली आहे. झाकण हलवून फरक पडत नाही, पण बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ येते, तर मात्र पॅनेलवर संशय घ्या. दोन्हीकडे रेघा असतील तर रॅम किंवा मदरबोर्ड. बायोस स्वच्छ असेल तर उबंटू (लिनक्सची मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. तिथेही ठीक दिसले तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा, दोष मॅकओएसच्या मांडणीत आहे.

आता सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ग्राफिक्सची मेमरी बघा. ७ एमबी दिसली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) लागलेलाच नाही. खिडकी ओढली की मागे डाग राहतात ते त्यामुळेच. १५३६ एमबी हा इंटेलच्या बहुतेक चिपचा निरोगी आकडा.

ड्रायव्हर न लागण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दुसऱ्याची ईएफआय फोल्डर (मॅकओएस सुरू करणाऱ्या फाइलींची) जशीच्या तशी उचलणे. ओपनकोअर या मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयजी-प्लॅटफॉर्म-आयडी नावाची एक ओळ असते, ती चिपला जुळावी लागते. खरी मेख इथे आहे. आय५-८२५०यू आणि आय५-८२६५यू या दोन्ही इंटेल प्रोसेसरांवर ग्राफिक्स ‘यूएचडी ६२०’ असेच लिहिलेले असते, पण आतली चिप वेगळी. पहिलीला ००००सी०८७ आणि डिव्हाइस-आयडी (चिपचा ओळखक्रमांक) १६५९०००० लागतो, दुसरीला ००००९बी३ई आणि ९बी३ई००००. (हे सगळे अर्थातच रोमन लिपीत, मधे जागा न सोडता टाइप करायचे.) काही माहितीपत्रकांत हाच पहिला कोड ८७सी००००० असा छापलेला सापडतो. फाइलमध्ये मात्र दोन-दोन अक्षरांच्या जोड्या उलट क्रमाने भरायच्या. तो सरळ उतरवला की सगळे मुसळ केरात. लिलू आणि व्हॉटएव्हरग्रीन ही दोन्ही केक्स्ट (मॅकओएसला जोडायच्या पूरक फाइली) ताजी हवीत, आणि बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद हवे.

लोगोनंतर यंत्र अर्ध्यावर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर डीव्हीएमटी तपासावे. हा रॅमचा ग्राफिक्ससाठी राखलेला तुकडा. मॅकओएसला तो ६४ एमबीचा हवा असतो. बऱ्याच लॅपटॉपांत तो ३२ एमबीवर अडकवलेला असतो आणि बायोसमध्ये बदलायची सोयही नसते. तेव्हा त्याच कॉन्फिग फाइलमध्ये फ्रेमबफर-पॅच-एनेबल ०१००००००, स्टोलनमेम ००००३००१ (१९ एमबी) आणि एफबीमेम ००००९००० (९ एमबी) अशी तीन मूल्ये भरावीत. बायोस ६४ एमबी देत असेल तर हा पॅच लावू नये. गरज नसताना मेमरी कापली की, विशेषतः ४के पॅनेलवर, चित्र फाटू लागते.

स्क्रीन पूर्ण काळी झाली तर मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. चित्र पुसट दिसले तर फक्त मागचा दिवा लागलेला नाही. त्या दिव्यासाठीची एसएसडीटी-पीएनएलएफ ही फाइल आहे का बघावे, आणि तरीही अंधार असेल तर बूट-आर्ग्समध्ये (सुरू होतानाच्या सूचनांच्या ओळीत) उणे चिन्हासह ‘आयजीएफएक्सबीएलआर’ घालावे. एनव्हिडियाची एमएक्स१५०सारखी चिप जोडीला असेल तर तसेच उणे चिन्हासह ‘वेगनोईजीपीयू’ घालून ती बंदच करावी. तिचे ड्रायव्हर २०१७च्या हाय सिएरा या मॅकओएसच्या आवृत्तीपुढे आलेच नाहीत. नुसत्या क्रोममध्ये फडफड असेल तर त्याच्या सेटिंगमधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करावे, बाकी कशाला हात लावू नये.

प्रत्येक बदलानंतर एनव्हीरॅम (सेटिंग जपणारी छोटी मेमरी) रीसेट करावी, नाहीतर जुनेच आर्ग्युमेंट चालू राहते आणि आपण कपाळाला हात लावून बसतो. चालणारी ईएफआय एफएटी३२ पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी. एका वेळी एकच बदल.

आणि घेतानाच प्रोसेसर बघावा. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या एचडी ५२० ग्राफिक्सचा ड्रायव्हर २०२२च्या व्हेंच्युरा या मॅकओएसच्या आवृत्तीत काढून टाकला गेला, तिथे सातव्या पिढीचे सोंग द्यावे लागते. अकराव्या पिढीच्या आयरिस एक्सईला तर तो कधी मिळालाच नाही, कारण २०२०मध्येच ॲपल स्वतःच्या एम१ चिपकडे वळली. अशा यंत्रावर मॅकओएस घालून देणाऱ्यांनी तसे बिलावर लिहून द्यावे. तिथे कुठलाही कोड भरा, मेमरी ७ एमबीच दिसणार.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर