रुमाल सोडण्याआधीच निष्कर्ष

संपादक महोदय,

समर्थ रामदास आणि शिवाजी महाराज यांची पहिली भेट १६४९ मध्ये झाली की १६७२ मध्ये, हा वाद सज्जनगड रोज पाहणाऱ्या आम्हा सातारकरांना नवा नाही. मात्र त्याचा शोध घेणाऱ्या चरित्रकाराला आपण आधी जात विचारतो, पुरावा नंतर. एका खासगी संग्रहात मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडण्याआधीच मला ‘निष्कर्ष काय काढणार?’ असे विचारले गेले आणि मी नुसता चहा घेऊन परतलो. शतकाहून अधिक काळाने लिहिलेली बखर व समकालीन पत्र एका तराजूत तोलता येत नाहीत, एवढेच माझे म्हणणे होते. संग्राहकांनी निदान छायाचित्रे घेऊ द्यावीत. त्या रुमालातल्या कागदांच्या कडा कसरीने खाल्लेल्या दिसत होत्या.

— एक चरित्रलेखक, सातारा